पाहुणे आहोत, चित्रं बघतोय

मला चित्रातलं काय बी कळत नाय, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत मी गेलो ते खिचडीपुरता. एकदा मास्तरांनी आंबा काढायला सांगितला. माझा आंबा बघून ते म्हणले, "बटाटा बरा जमलाय तुला." त्या दिवसापासून मी चित्राच्या वाटंला गेलो नाय अन् चित्र माझ्या वाटंला आलं नाय.

असला माणूस मी, अन् दोन-अडीच वर्षं दर सुट्टीला या शहरातल्या भिंतींवरची चित्रं पायी हिंडून बघितली. एका ड्रायव्हरकाकांच्या नादानं.

गेल्या हिवाळ्यात काका वारले. मातीला आम्ही कंपनीतले सात-आठ जण होतो अन् दोन शेजारी. एकुलती एक पोरगी, याच शहरात राहती, ती आली नाय. कळवलं होतं. मीच कळवलं होतं. ती आली नाय यात तिची काय चूक नाय. निम्मी चूक काकांची, ती त्यांनी कधी नाकारली नाय. उरलेली निम्मी माझी. माझी कोणी धरत नाय, म्हणतात त्या येड्याला काय कळतंय. पण मला कळतंय, म्हणून सांगतो.

मी लासूर स्टेशनचा. तिथं मोंढ्यात पोती उचलायचो. पाठीनं जवाब दिला तसा वाळूजला एका कंपनीत लागलो. काम काय, तर शिफ्टच्या बसा धुवायच्या. गावाकडं मी सांगितलं, कंपनीत गाड्यांचं बघतो. आई गल्लीभर सांगत सुटली की पोरगं इंजिनेर झालं. मी बी तिला थांबवलं नाय.

काका त्यातली एक बस चालवायचे. सकाळी सिडको, मुकुंदवाडीकडनं माणसं भरून आणायची अन् शिफ्ट सुटली की नेऊन सोडायची. उंच, वाळलेले, मिशी बारीक. कोणाला नावानं हाक मारायचे नाहीत. ज्याचं जे गाव ते त्याचं नाव. "ए पैठण, दार लाव." "ए कन्नड, पाय आत घे." मी झालो लासूर.

हॉर्न वाजवायचे ते फक्त कुत्र्यासाठी. मी विचारलं, "काका, माणसं मधी येतात त्याचं काय?"

"माणसाला दिसतं गाडी येती. तो मुद्दाम येतो. कुत्र्याला सांगावं लागतं."

डबा कधी ड्रायव्हरच्या सीटवर खाल्ला नाय. पार मागच्या सीटवर जाऊन बसायचे. म्हणायचे, "जेवल्यावर झोप येती. त्या सीटवर बसायचं झोपेला एकदा कळलं, की ती रोज येऊन बसणार." अन् आणखी एक. मी गाडी पुसायला जुन्या साड्यांच्या चिंध्या वापरायचो. काका मोकळे बसले की त्या चिंध्या घ्यायचे, तीन-तीन पट्ट्या धरायच्या अन् वेणी घालायचे. घट्ट, सरळ, टोकाला गाठ. मी लई हसायचो. "काका, बायांचं काम चांगलं जमतं की तुम्हाला." ते पण हसायचे. आता ते आठवलं की माझ्या थोबाडात मारून घ्यावं वाटतं.

एक दिवस मला म्हणले, "लासूर, शहर बघितलं का?"

"बघितलं की. रेल्वे स्टेशन ते बसस्टँड."

"ते शहर नाय. ती शहराची तोंड धुवायची जागा हाय. रविवारी चल. चित्रं बघू."

"पिक्चर?"

"भिंतीवरची."

मधी कधीतरी परदेशातले पाहुणे येणार होते म्हणून शहरभर भिंती रंगवल्या होत्या. पुलाचे खांब, शाळांची कंपाउंडं, पाण्याच्या टाक्या. पाहुणे आले, मोटारीतून गेले, रंग राहिला. काका म्हणायचे, "सहा दिवस मी पन्नास माणसं घेऊन त्यांच्यासमोरनं पळतो. गाडीतनं चित्र दिसत नाय, पुढच्या ट्रकचा फाळका दिसतो. सातव्या दिवशी तरी नीट तोंडाकडं बघावं माणसाच्या."

मला वाटलं, फुकटात शहर बघायला भेटतंय, सोबत चहा बी भेटंल. गेलो.

पहिल्याच भिंतीवर मी दिवे लावले. क्रांती चौकाजवळ एका खांबावर एक नाचणारी बाई काढलेली. लई देखणी, पायात घुंगरू. मी तोंडात गुटखा. बघता बघता तोंड भरलं अन् सवयीनं मी मान वळवून पचकन थुंकलो. ते गेलं नेमकं बाईच्या पायावर. काकांनी बघितलं. पिशवीतनं पाण्याची बाटली काढली अन् माझ्यापुढं धरली.

"पूस."

"कशानं पुसू?"

"तुझ्या रुमालानं."

रुमाल नवाकोरा होता, बहिणीनं राखीला दिलेला. त्यानं मी भर चौकात गुडघ्यावर बसून एका बाईचे पाय धुतले. रिक्षावाले थांबून बघत होते. एक जण ओरडला, "भाभी मान गयी क्या?" मी म्हणलो, "अजून नाय." पुसून झाल्यावर काका म्हणले, "आता सॉरी म्हण." मी भिंतीला सॉरी म्हणलो. त्या दिवसापासून माझा गुटखा सुटला. डॉक्टरनं सांगून नाय, आईनं रडून नाय, भिंतीनं सोडवला.

काकांचं चित्र बघणं ड्रायव्हरचं. एका भिंतीवर टांगा काढलेला, तर म्हणले, "राँग साइडनं चाललाय. पुढच्या खांबाला ठोकणार." एका ठिकाणी बैलगाडी. तिच्यापुढं पाच मिनिटं उभे. "जू बैलाच्या पाठीवर ठेवलंय बघ. ओढणार कसा तो? पोराचा हात चांगला हाय, पण त्यानं बैल बघितला नाय." मग बैलाकडं बघून म्हणले, "थांब बाबा तसाच. तू निघालास तर मोडशील."

मी बी माझं ज्ञान पाजळायचो. एका मोठ्या भिंतीवर अजिंठ्यातला तो मुकुट घातलेला माणूस होता. हातात कमळ, मान तिरकी, डोळे निम्मे मिटलेले. मी म्हणलो, "हा रात्रपाळीचा दिसतोय." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर मला म्हणले, "तसं नाय लासूर. नीट बघ. त्याला सगळं दिसतंय, पण कोणाकडं बघून त्याला लाजवायचं नाय, म्हणून खाली बघतोय." मी बघितलं. मला तरी रात्रपाळीचाच वाटला.

आता त्यांचा खरा येडेपणा सांगतो. दर सुट्टीला क्रांती चौकातल्या त्या नाचणाऱ्या बाईपासून सुरुवात. तिथनं जालना रोड धरून एक एक भिंत करत पुढं. अन् मधीच एका भिंतीपाशी थांबायचे. म्हणायचे, "आज इथवर."

"काका, पुढचा हत्ती दिसतोय की इथनं. एवढं आलोय तर जाऊ."

"हत्ती कुठं पळून चाललाय? पुढच्या महिन्यात."

अन् खरंच, महिनाभर हत्तीच्या अलीकडच्या भिंतीवरनं परत फिरायचं. महिना भरला की हत्ती. मग परत महिनाभर हत्तीवरनं मागं. पावसाळ्यात तर दोन-दोन महिने एकाच भिंतीपाशी अडकायचे. मला वाटायचं म्हातारपण. कधी वाटायचं नवस असंल. एकदा मी गुपचूप सांगितलं, "काका, मी पुढची चार चित्रं बघून आलोय एकटाच, चांगली हायत." तर इतके चिडले. म्हणले, "तुला काय, तू कुठं बी जाशील. तुझे पाय मोकळे हायत."

मला काय कळलं नाय. मी माझ्या पायांकडं बघितलं. चप्पल फाटली होती.

कोणी हटकलं की काकांचं ठरलेलं उत्तर, "पाहुणे आहोत, चित्रं बघतोय." एका सोसायटीच्या वॉचमननं बराच वेळ आमच्याकडं बघितलं अन् म्हणला, "क्या चाचा, दीवार लेनी है क्या?" काका म्हणले, "नाय बाबा. मेहमान है. तसवीर देख रहे." वॉचमननं लगेच खुर्ची दिली, पाणी दिलं.

पुढं गेल्यावर मी म्हणलो, "काका, पस्तीस वर्षं झाली तुम्हाला या शहरात. तुम्ही कसले पाहुणे? पाहुणा मी."

ते म्हणले, "रिकाम्या भिंतीपाशी माणूस उभा राहिला तर लोक विचारतात, कामून उभा हायस? चित्र असलं की कोण विचारत नाय. कितीबी वेळ उभं राहता येतं."

"पण उभं राहायचंच कशाला एवढं?"

"चल, ऊन झालं," म्हणले.

असं करत करत, भिंती-भिंतीनं, दोन वर्षांत आम्ही सिडको ओलांडलं, मुकुंदवाडी ओलांडली अन् चिकलठाण्याच्या अलीकडं एका नव्या कॉलनीत शिरलो. तिथं पाण्याची टाकी. टाकीच्या भिंतीवर पतंग उडवणारी एक पोरगी. निळा फ्रॉक, दोन वेण्या, मान वर. पतंग भिंतीच्या पार वरच्या कोपऱ्यात. तिथं काका थांबले ते थांबलेच. पुढं काय जाईनात. मी विचारलं, "पुढच्या महिन्यात कोणतं?" तर म्हणले, "झाली चित्रं. हे शेवटचं."

चार महिने आम्ही त्या पोरीपाशी जात होतो. मला वाटायचं, काकांचा त्या चित्रावर जीव जडलाय. पण ते चित्राकडं बघायचे थोडं अन् पाठ फिरवून उभे राहायचे जास्त. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं घरं. एका घराच्या गॅलरीत कपडे वाळत असायचे, त्यात लहान पोरीचे दोन-तीन फ्रॉक. एकदा काका आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणले, "पिवळा आता दिसत नाय. बारका झाला असंल."

मी म्हणलो, "कोण बारका झाला?"

"कोण नाय."

बघा, माणसाला इतकं समोर वाढून ठेवलं तरी कळू नये, याला पण डोकं लागतं. ते माझ्याकडं हाय.

मग दसरा आला.

आदल्या दिवशी कंपनीत मशिनींची, गाड्यांची पूजा. बसांना मी स्वतः झेंडूचे हार घातले, लिंबू बांधले, टायरला कुंकू लावलं. एक हार उरला. लांबलचक, ताजा. मी तो पिशवीत टाकला. माझ्या डोक्यात काय आलं, तर काकांचं त्या पतंगवाल्या पोरीवर एवढं प्रेम, सणासुदीला सगळ्या गाड्या नटल्या, ती बिचारी तेवढी उघडी कशाला ठेवायची. काकांना बरं वाटंल. आजपर्यंत कोणाला बरं वाटावं म्हणून मी जे जे केलं त्याचं वाटोळंच झालं, हे मला आठवायला पाहिजे होतं. आठवलं नाय.

सकाळी काका आले ते ओळखू येईनात. दाढी गुळगुळीत. पांढरा नवा शर्ट, त्याच्यावर खोक्यातल्या घड्या तशाच. खिसा फुगलेला, आपट्याची पानं डोकावत होती. मी म्हणलो, "काय काका, पोरगी बघायला चाललो काय?" त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं अन् चालायला लागले. त्या दिवशी एकाही चित्रापाशी थांबले नाहीत. टांगा, बैल, हत्ती, सगळ्यांना मागं टाकत चालले. मला पळावं लागत होतं.

टाकीपाशी आलो. काका म्हणले, "लासूर, तू इथंच थांब. मी जरा पलीकडं जाऊन येतो."

"कोणाकडं?"

"शिलंगणाचं सोनं द्यायचंय एका घरी."

असं म्हणून ते रस्त्याच्या कडेला गेले अन् तिथंच उभे राहिले. रस्ता तो केवढा, दहा पावलांचा. एक स्कूटर गेली, एक टेम्पो गेला, मग रस्ता मोकळा झाला. तरी काका उभेच. पस्तीस वर्षं जड गाडी चालवलेला माणूस, त्याला दहा पावलांचा रस्ता ओलांडता येईना.

मी म्हणलो, तवर आपण आपलं काम उरकावं. भिंतीत एक खिळा होता, जुन्या बॅनरचा. बरोबर त्या पोरीच्या डोक्यावर. मी पाण्याच्या पाईपावर चढलो, हार खिळ्याला अडकवला अन् दोन्ही बाजूनं नीट सोडला. गळ्यात बरोबर बसला. खाली उतरलो, लांबनं बघितलं, छान दिसत होतं. मी हात जोडले. अन् मोठ्यानं हाक मारली, "काका, मागं बघा की!"

त्याच वेळंला समोरच्या घराचं दार उघडलं.

एक बाई बाहेर आली. पांढरी साडी, नवी. हाताला लहान पोरगी, ती पण पांढऱ्या फ्रॉकात. त्या दिवशी बौद्ध लोकांचा पण मोठा सण असतो, सगळे पांढरं घालून विहारात जातात, एवढं मला ठाऊक होतं. ती फाटकापर्यंत आली. काकांकडं बघून थांबली. काकांचा हात खिशाकडं गेला, पानं बाहेर आली. तिनं फाटकाची कडी काढली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाय. पण ते रागाचं नव्हतं, एवढं मी कोर्टात सांगीन.

मग तिची नजर काकांच्या खांद्यावरनं मागं आली. भिंतीवर. पोरगी, गळ्यात हार, समोर हात जोडून उभा मी.

कडी तिनं परत घातली. पोरीला कडेवर उचललं अन् आत गेली. दाराचा आवाज पण झाला नाय, इतकं हळू लावलं.

काका वळले. त्यांनी हार बघितला. मला वाटलं आता मारतील. मारायला पाहिजे होतं.

"काढ," म्हणले.

मी परत पाईपावर चढलो, हार काढला, पिशवीत कोंबला. काय झालं ते मला अजून बी कळलं नव्हतं. काय तरी झालं एवढंच कळलं होतं.

परतताना मुकुंदवाडीपर्यंत ते पुढं अन् मी मागं. मग फुटपाथच्या कट्ट्यावर बसले अन् सांगितलं. आवाज नेहमीचाच, जसं गाडीचं काय बिघडलंय ते सांगायचे तसा.

ती त्यांची पोरगी. बायको वारली तवा ती सहावीत होती. स्वयंपाक शिकले, तिच्या वेण्या घालायला शिकले. पुढं पोरगी शिकली, नोकरीला लागली अन् तिनं सांगितलं, एका पोराशी लग्न करायचंय. पोरगा चांगला, कमावता. पण बौद्ध. काका मराठ्याचे. भाऊबंद येऊन बसले, नाक कापलं म्हणाले. पोरगी निघून गेली, लग्न करून मोकळी झाली.

"मग मी फ्लेक्स लावला," काका म्हणले.

"कसला?"

"भावपूर्ण श्रद्धांजलीचा. तिचा दहावीतला फोटो दिला. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, कधी वारल्या? म्हणलं, काल."

मी हाराची पिशवी पाठीमागं सरकवली.

"चौकात लावला. घरातल्या फोटोला हार घातला. मीच घातला, कोणी जबरदस्ती केली नाय. तेरा दिवस तो फ्लेक्स होता. ती रिक्षातनं जाताना बघून गेली म्हणे. नऊ वर्षं झाली. भाऊबंद आपापल्या घरी गेले. मला वाटलं होतं, मी गेलो तर ती हाकलून देईल. मग वाटायला लागलं, हाकलू दे. पण एकदम जायला पाय होईना. मग या भिंती रंगवल्या. म्हणलं, एक एक करत जाऊ. थांबायला तरी जागा झाली."

मग त्यांना एकदम खिशातली पानं आठवली. त्यातली दोन काढून माझ्या हातात दिली. "घे. सोन्यासारखा राहा."

मी त्यांच्या पाया पडलो. म्हणलो, "काका, मला मारा."

"तुला काय माहीत होतं? तुझी काय चूक नाय," म्हणले अन् चालायला लागले.

पुढच्या सुट्टीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या सुट्टीला पण नाय. क्रांती चौकात मी अन् ती नाचणारी बाई, दोघंच. मग मी ठरवलं, आपण घाण केली, आपणच निस्तरू. एकटाच गेलो. सगळ्या भिंती पायीच केल्या, बसनं जायची लाज वाटली. तिच्या फाटकापाशी उभा राहिलो तर शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोण रं तू? काय पाहिजे?" तोंडातनं निघून गेलं, "पाहुणा हाय, चित्र बघायला आलो." म्हातारी म्हणाली, "चित्र तिकडं हाय, तुझ्या मागं."

तेवढ्यात तीच बाहेर आली. मला ओळखलं. हार घालणाऱ्याला कोण विसरतं.

मी गडबडीनं सुरू केलं. "ताई, तो हार मी घातला. काकांना माहीत पण नव्हतं. मी कंपनीत गाड्या धुतो, मला अक्कल नाय. उरलेला हार होता, बसचा. मला वाटलं चित्र छान दिसंल. शप्पथ सांगतो. काका तुम्हाला सोनं द्यायला आले होते."

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाणी देऊ का?" मी म्हणलो, "नको." तरी तिनं आणलं. मी उभ्यानं प्यालो, अर्धं शर्टावर सांडलं.

ती म्हणाली, "चार महिने मी त्यांना बघत होते भाऊ. स्वयंपाकघराच्या खिडकीतनं. दर रविवारी दाराला कडी लावायचे नाही मी. हे म्हणायचे, तूच जा. मी म्हणायचे, नाही, त्यांना येऊ द्या. त्या दिवशी मात्र वाटलं, त्यांच्यानं काही रस्ता ओलांडवत नाही, आपणच जावं. म्हणून निघाले होते. लेकीला सांगितलं होतं, आजोबांच्या पाया पडायचं."

मी म्हणलो, "मग चला की ताई. अजून काय बिघडलंय? तो हार मीच घातला होता."

तिनं फाटकाच्या कडीवर हात ठेवला. मग म्हणाली, "पहिला हार पण तुम्हीच घातला होता का भाऊ?"

  रिकामा ग्लास माझ्या हातातच होता. तिनंच तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धूत होतो. काका आले. मी गेलो होतो हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड म्हणजे उघडा डबा.

"गेला होतास?"

"व्हय."

"काय म्हणली?"

"बऱ्या हायत. नात बी बरी हाय."

"ते नाय विचारलं. काय म्हणली?"

मग सगळं सांगितलं. खिडकी, कडी, लेकीला पाया पड म्हणलेलं. अन् शेवटचं पण सांगितलं. मला वाटलं, खाली बसतील. बसले नाहीत. गाडीच्या ओल्या पत्र्यावर हात टेकून उभे राहिले.

"बरोबर बोलली," म्हणले. मग विचारलं, "मोठ्यानं म्हणली का हळू?"

"हळू."

"रागानं?"

"राग नव्हता वाटत काका."

"म्हणून दाखव."

"काय?"

"ती जसं म्हणली तसं म्हण."

"कशाला काका, जाऊ द्या की."

"नऊ वर्षं झाली लासूर. मी तिचा आवाज ऐकला नाय. म्हण."

मी पाण्याचा पाईप खाली टाकला. माझा आवाज फाटका, पोती उचलून उचलून बसलेला. तरी जमंल तितका बारीक केला अन् म्हणलो, "पहिला हार पण तुम्हीच घातला होता का भाऊ?"

काकांनी डोळे मिटले होते.

"भाऊ शेवटाला म्हणली?"

"व्हय, शेवटाला. थोडं थांबून."

"मग थांबून म्हण."

मी थांबून म्हणलो.

"परत."

परत म्हणलो. शिफ्ट सुटली, माणसं डबे घेऊन गाडीत चढायला लागली, आमच्याकडं बघायला लागली. काकांनी डोळे उघडले नाहीत. म्हणले, "आणखी एकदा."